बेळगावहून बेंगळुरूच्या जपानी वाणसामानाच्या दुकानात: गाडी, मेट्रो आणि पिशवीचं गणित

सोया सॉस बेळगावात कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो, नूडल्स तर गल्लीतल्या दुकानातही. खरी अडचण येते ती मिसोपाशी, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्यापाशी. मग कोंबू (सुकवलेलं समुद्रशेवाळ), शिताके (अळंबी), जपानी तांदळाचं व्हिनेगर, करीची वडी, होजिचा (भाजलेला हिरवा चहा) अशी यादी वाढत जाते. आपल्या भागात आता ही यादी लागणारे लोक बऱ्यापैकी आहेत. कुणी जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करतंय, कुणाचा मुलगा कंपनीच्या ट्रेनिंगला तिकडे दोन वर्षं राहून आलाय आणि आता त्याला सकाळी मिसो सूप लागतं, कुणाला नुसतं यूट्यूब बघून नाद लागलाय. स्वतःची गाडी न काढता, बस-रेल्वे-मेट्रोनं बेंगळुरूला जाऊन हे सामान धडपणे घरी कसं आणायचं, ते पुढे लिहितोय. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांसाठी वाटेत फाटे कुठे फुटतात तेही सांगतो.

आधी ठरवा, काय आणायचं नाही

जाऊन-येऊन एक रात्र आणि एक अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे यादीवर काट मारणं. बाटलीबंद शोयू (जपानी सोया सॉस), नोरीची (समुद्रशेवाळाच्या कागदासारख्या पानांची) पाकिटं, कोरड्या सोबा-उदोन नूडल्स ऑनलाइन येतात. त्यासाठी रेल्वेत बसू नका. जायचं ते फ्रिजमधल्या मालासाठी (मिसो मुख्यतः), ऑनलाइन दामदुप्पट पडणाऱ्या वस्तूंसाठी, आणि तारीख डोळ्यांनी बघून घ्याव्या लागणाऱ्या गोष्टींसाठी.

तांदूळ तर मुळीच आणू नका. हे मी ठासून सांगतो, कारण पाच किलोची थैली बघितली की हात जातोच. जपानी तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा आणि शिजल्यावर चिकट होणारा. आपल्याकडे खानापूरच्या पट्ट्यात इंद्रायणी पिकतो, तो या कामाला पुष्कळ जवळ जातो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण निघालं. सुगंध आंबेमोहोराचा, आणि भात मऊ, दाण्याला दाणा धरणारा. एक मात्र करा, यासाठी नवा तांदूळ घ्या. पुलावाला आपण जुना शोधतो, इथे उलट. दिवाळीनंतर मळणी होऊन आलेला नवा इंद्रायणी तीन-चार पाण्यांत धुऊन, अर्धा तास भिजवून, तांदळाच्या सव्वापट पाण्यात झाकण न उघडता शिजवला, की ओनिगिरीचा, म्हणजे हातानं वळलेल्या भाताचा, गोळा हातात फुटत नाही. वास जपानी भातापेक्षा जास्त येतो, ते मान्य. पण पाच किलो ओझं वाचतं.

रताळ्यांचंही तसंच. पिठात बुडवून तळलेला तेंपुरा असो की पाकातली 'दाइगाकु इमो', जपानी स्वयंपाकात रताळ्याला मोठा मान आहे. आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या लाल मातीतली रताळी आपल्या बाजारात ढिगानं येतात, त्यांची गाडीभाड्यानं बरोबरी करायला जाऊ नये. आलं, तीळ, मुळा, पातीचा कांदा, बटाटा सगळं घरचं. पांको म्हणजे जाडसर ब्रेडचुरा. कडा काढलेला शिळा ब्रेड किसून मंद आचेवर कोरडा केला की काम भागतं.

काट मारून झाली की मग यादी वाढवायची, पण दुसऱ्यांसाठी. क्लासमधले चार-पाच जण, भिशीतल्या दोन बायका, कुणाचा तरी भाऊ. प्रत्येकाकडून वस्तू, प्रमाण, आणि 'हे नसेल तर काय' असं लिहून घ्या. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुकानात उभं राहून पाच जणांना फोन लावत बसायला वेळ नसतो. पैसे आधी घ्या. तिकिटाचा खर्च सगळ्यांत वाटून टाकला, तर फेरी परवडते. एकट्याच्या दोन पाकिटांसाठी कधीच परवडत नाही.

बेंगळुरू की पुणे?

निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडचा माणूस पहिल्यांदा पुण्याचं नाव घेणार, आणि त्याचं चुकीचं नाही. महामार्ग दारातून जातो, स्वारगेटला उतरलं की भाषेची अडचण नाही, आणि कॅम्पातल्या दोराबजीसारख्या जुन्या मोठ्या दुकानांत परदेशी मालाचे कप्पे असतात. जुलै किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची परीक्षा द्यायला तुम्ही पुण्याला जाणारच असाल, तर खरेदी त्याच फेरीत उरका. हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४पासून बेळगाव, मिरज, सांगली, साताऱ्यावरून धावते, पण ती रोज नाही. वार बघून ठरवा.

मला बेंगळुरू बरं वाटतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे तिथे जपानी कुटुंबं राहतात, त्यामुळे त्यांच्या रोजच्या स्वयंपाकाचं सामान ठेवणारी दुकानं चालतात. मोठ्या दुकानातला एखादा परदेशी कप्पा आणि अशी दुकानं यांत फरक पडतो. जपानी माणसं बेंगळुरूत येण्यामागे बिडदीच्या टोयोटा किर्लोस्करचा मोठा हात. ती कंपनी १९९७ची. आणि त्यातलं किर्लोस्कर हे नाव ज्या लक्ष्मणरावांचं, त्यांनी १८८८मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते आपल्याच बेळगावात. तेव्हा आपण काही परक्या दारात चाललेलो नाही!

दुसरं कारण सीमेवर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दोन राज्यांमधल्या बसेस कधी बंद पडतील याचा नेम नसतो. फेब्रुवारी २०२५मध्ये वाहकाला झालेल्या मारहाणीचं प्रकरण पेटलं आणि दोन्हीकडच्या बसेस काही दिवस हद्दीवर थांबल्या. १ नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि काळा दिवस, किंवा डिसेंबरात बेळगावातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आणि एकीकरण समितीचा महामेळावा, या दिवसांत हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर काय चाललंय ते बघितल्याशिवाय पुण्याची बस धरू नये. अशा दिवसांत रेल्वे बरी. बेंगळुरूच्या वाटेवर तर हद्दच लागत नाही.

बेळगावपर्यंत पोचणं

निपाणीला रेल्वे नाही, तेव्हा बसनं बेळगाव. खानापूरहून बस आहे, रेल्वेही आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस खानापुरात थांबते, त्यामुळे खानापूरकरांना बेळगावला उलटं यायची गरजच नाही. घटप्रभा, रायबाग, कुडचीकडच्यांनीही तीच गाडी आपल्या स्टेशनावरून धरावी. ती सांगलीकडून येते.

बायकांना इथे चांगला फायदा आहे. ११ जून २०२३पासून कर्नाटकात शक्ती योजना लागू आहे. साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसमध्ये कर्नाटकातल्या महिलांना तिकीट नाही. कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र दाखवायचं, वाहक शून्य रकमेचं तिकीट देतो, ते जपून ठेवायचं. बेंगळुरूतल्या साध्या बीएमटीसी बसलाही हे चालतं. राजहंस, ऐरावत, स्लीपर, एसी गाड्यांना चालत नाही, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या बसलाही नाही. उलट महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतल्या टप्प्यापुरतं. पुण्याला जाणाऱ्या निपाणीच्या बाईनं हे दोन्ही हिशेब मनात ठेवावेत.

शक्तीच्या जोरावर थेट बेंगळुरूपर्यंत फुकट जाता येतं का? येतं. रस्त्यानं पाचशे किलोमीटर, साध्या सीटवर बसून, रात्रभर. जाताना एकवेळ चालेल. परत येताना मांडीवर मिसो घेऊन, छे. शक्ती वापरायची ती निपाणी-बेळगाव आणि खानापूर-बेळगाव या टप्प्यांना.

सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बस स्थानकावर, उतरलात तर रेल्वे स्टेशन कॅम्पाच्या अंगाला आहे, रिक्षानं थोडक्यात जातं. पहाटेच्या गाडीला सिटी बसच्या भरवशावर राहू नका, रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

कोणती गाडी धरायची

बेंगळुरूला जायच्या रेल्वे मुख्यतः तीन. रात्री नऊच्या सुमाराला बेळगावहूनच सुटणारी सुपरफास्ट, जी सकाळी सात-साडेसातला केएसआर बेंगळुरूला पोचते. सांगलीकडून येणारी राणी चन्नम्मा. आणि १० ऑगस्ट २०२५ला सुरू झालेली वंदे भारत. ही बेळगावहून पहाटे ५.२०ला निघून दुपारी १.५०ला पोचते, आणि बेंगळुरूहून दुपारी २.२०ला सुटून रात्री १०.४०ला परत येते. बुधवारी नसते. धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, तुमकूर, यशवंतपूर एवढेच थांबे, खानापूर नाही. ही वेळ गाडी सुरू झाली तेव्हाची. तिकीट काढताना चालू वेळापत्रक बघाच.

माझा कौल असा: जाताना रात्रीची गाडी, येताना वंदे भारत.

जाताना वंदे भारतनं गेलात तर दुपारी दोनला पोचता आणि परतीची तीच गाडी अर्ध्या तासात सुटते. म्हणजे मुक्काम आला, किंवा रात्रीची गाडी. उलट रात्री झोपून गेलात तर लॉजचा खर्च वाचतो, सकाळी ताजेतवाने असता, आणि गाडी दीड तास लेट झाली तरी दुकान उघडायच्या आत शहरात असता. येताना मात्र डबा एसी हवा. तुमच्या पिशवीत फ्रिजमधून काढलेला माल आहे, आणि दुपारी हावेरी-दावणगेरेच्या सपाटीवर उन्हाळ्यात डबा तापतो. वंदे भारतमध्ये मिसो तुमच्याइतकाच थंड बसतो.

परतीचं गणित कागदावर मांडून बघा. २.२०ची गाडी म्हणजे पावणेदोनला स्टेशन. त्याआधी क्लॉक रूमचं काम, मेट्रोचा प्रवास आणि चालणं मिळून पाऊण ते एक तास. म्हणजे पावणेएक वाजता दुकानातून बाहेर पडायचं. दुकान अकराला उघडत असेल तर पावणेदोन तास मिळतात, पुष्कळ झाले. बाराला उघडत असेल तर ही योजना सोडा, रात्रीच्या गाडीचं एसी तिकीट काढा आणि दिवसभर सावकाश फिरा.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं. शुक्रवार-शनिवारची रात्र आणि सणाचे दिवस सोडले तर जरा आधी जागे झालं की मिळून जातं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीला सकाळी दहा आणि स्लीपरला अकरा. आता ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते ऐनवेळी जोडत बसू नका. जमलं तर मंगळवार किंवा गुरुवार पकडा. दुकानात गर्दी कमी आणि विचारलं तर नीट उत्तर मिळतं.

निघण्याआधीचा फोन

दुकानाचा पत्ता नकाशावर शोधा, पण नकाशावर विसंबून निघू नका. आयात मालाची छोटी दुकानं जागा बदलतात, बंद होतात, नुसती घरपोच सेवा ठेवतात. म्हणून फोन. विचारायचं एवढंच: आठवड्याची सुट्टी कधी, उघडता किती वाजता, यादीतल्या फ्रिजच्या वस्तू आत्ता आहेत का, आणि आमचं नाव घालून बाजूला ठेवाल का. नवा माल कधी येतो हेही विचारा. माल येऊन दोन-चार दिवस झालेले असताना गेलं तर तारखा लांबच्या मिळतात. जानेवारीचे पहिले तीन दिवस जपानी नववर्षाचे. दुकान जपानी माणसाचं असेल तर त्या दिवसांत फोनवर खात्री केल्याशिवाय हलू नका.

आणि शेवटी विचारा, जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं. पत्ता सांगताना लोक सिग्नल आणि फ्लायओव्हर सांगतात, ते आपल्या कामाचं नाही.

सकाळी शहरात

गाडीतून उतरल्यावर वेटिंग हॉलमध्ये तोंड धुऊन घ्या, जड पिशवी क्लॉक रूमला द्या. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट मागतात. रिकामी थंड पिशवी मात्र जवळ ठेवायची.

स्टेशनाचं पूर्ण नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. रायण्णांना १८३१मध्ये फाशी दिली ती खानापूर तालुक्यात, नंदगडला. आपल्याकडचा माणूस या स्टेशनात उतरताना ते नाव वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

मेट्रोला दोन वाटा आहेत. स्टेशनाच्या मागच्या अंगाला, दहा नंबर फलाटाच्या बाजूनं गेलात तर पर्पल लाइनवरचं रेल्वे स्टेशनाचंच मेट्रो स्थानक. समोरून भुयारी मार्गानं मॅजेस्टिककडे गेलात तर केंपेगौडा स्थानक, तिथे पर्पल आणि ग्रीन दोन्ही लाइन. एम. जी. रोड, इंदिरानगर, व्हाइटफील्डकडे जायचं असेल तर पर्पल, जयनगरकडे जायचं असेल तर ग्रीन. मॅजेस्टिकची वाट धरली की गोंधळ कमी, दोन्हीपैकी कुठलीही लाइन मिळते. फेब्रुवारी २०२५च्या भाडेवाढीपासून कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ९० रुपये तिकीट. फोनवर क्यूआर तिकीट काढलं तर रांग चुकते.

बॅगेचं माप लक्षात ठेवा: ६० बाय ४५ बाय २५ सेंटिमीटर. त्याहून मोठी असेल तर वेगळं तिकीट लागू शकतं. सामान एक्स-रे यंत्रातून जातं. जपानी सुरी घ्यायचा मोह झाला तर ती मेट्रोतून नेता येणार नाही, हे आधीच धरून चाला.

आठ ते दहा मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. तेवढा वेळ मॅजेस्टिकच्या आसपास इडली-वडा खाऊन काढा. बेळगावचा माणूस कानडी समजतो, बोलतोही. इथे दोन वाक्यं कानडीत बोललात की रिक्षावाला दर निम्म्यावर आणत नाही, पण वळसा तरी घालत नाही.

कप्प्यासमोर

आत गेल्यावर सरळ फ्रिजकडे जायचं नाही. आधी कोरडा माल, मग बाटल्या, आणि पैसे द्यायच्या अगदी आधी फ्रिज. पाऊण तास हातात धरून फिरवलेला मिसो बेळगावपर्यंतचा प्रवास कमी सोसतो.

पाकीट उचललं की जपानी अक्षरं बघून बावरू नका. मागे आयातदाराचा चिकटवलेला कागद शोधा. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक, घटक, आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असायला हवी. हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुन्या मालावर तपकिरी गोलही दिसेल. कागदच नसेल तर ते पाकीट परत ठेवा, कितीही स्वस्त असो. जपानी तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं छापलेली असते, आपल्या उलट. 'शोमी किगेन' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव चांगली, 'शोहि किगेन' म्हणजे त्यानंतर खायचं नाही. दुसरी तारीख जवळ आलेली वस्तू प्रवासाला घ्यायचीच नाही.

शाकाहारी घरांसाठी हा भाग नीट वाचा, कारण आपल्याकडे जैन, लिंगायत, ब्राह्मण, माळकरी घरांतली मुलं हे पदार्थ करायला लागली आहेत आणि आईला उत्तर द्यायचं असतं. जपानी स्वयंपाकात मासा डोळ्यांना दिसत नाही, पण दाशीतून सगळीकडे पोचतो. दाशी म्हणजे सूप-रश्श्याचं मूळ पाणी, आणि ते बरेचदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं असतं. मिसोवर 'दाशीसह' लिहिलं असेल तर त्यात मासा धरून चाला. फुरिकाके (भातावर भुरभुरायचं मिश्रण), नूडल्सबरोबरची पुडी, तेंपुराचा तयार सॉस, सगळ्यांत बोनिटो किंवा फिश एक्स्ट्रॅक्ट शोधा. करीच्या वड्यांमध्ये प्राण्यांची चरबी असू शकते. एकाच कंपनीची जपानातली आणि निर्यातीची वडी वेगळी असते, त्यामुळे नाव ओळखीचं आहे म्हणून उचलू नका, हिरवा गोल बघा. मेयोनेझमध्ये अंडं असतं.

यावर सोपा तोडगा म्हणजे कोंबू आणि सुकी शिताके. दोन्ही वजनाला हलकी, न नासणारी, आणि पूर्ण शाकाहारी. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू रात्रभर थंडच भिजत घालायचा, शिताकेही थंड पाण्यातच, की दाशी तयार. कोंबूवर पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी नव्हे. मॅनिटॉल असतं ते, चव त्याचीही येते. खळखळून धुऊ नका, ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. यादीत एकच गोष्ट घ्यायची झाली तर मी कोंबू घेईन.

आता मिसो. पांढरा शिरो मिसो गोडसर आणि कमी मिठाचा. लाल आका मिसो खारट, दमदार. प्रवासाला आणि आपल्या हवेला जास्त मिठाचा बरा; बारा टक्क्यांच्या आसपास मीठ असलेला मिसो दिवसभर फ्रिजबाहेर राहिला तरी बिघडत नाही, पाच-सहा टक्क्यांच्या गोड मिसोची तेवढी खात्री नाही. पिशवी हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघा. काही पिशव्यांवर बटणाएवढी गोल चकती चिकटवलेली असते. आत किण्व जिवंत आहे, त्याचा वायू बाहेर पडायला ती ठेवलेली. अशी पिशवी जराशी फुगलेली असणं वावगं नाही, पण बेळगावपर्यंत उताणी दाबून नेली तर चकतीतून पाझरते. घटकांत अल्कोहोल लिहिलेलं असेल तर ते किण्व थांबवायला घातलेलं. तो मिसो फुगत नाही, प्रवासाला निवांत. घरात अल्कोहोल चालत नसेल तर चकतीवाला घ्या आणि उभा न्या.

मिरिनबद्दलही, म्हणजे स्वयंपाकातल्या गोड तांदळाच्या दारूबद्दलही, तेच. अस्सल होन-मिरिनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. तसल्याच चवीची नुसती गोड मसाल्याची बाटलीही मिळते. दोन्ही नको असतील तर साखर आणि थोडं तांदळाचं व्हिनेगर चालवून घ्या.

शोयू घ्यायचाच असेल तर एवढं बघा: फिकट रंगाचा उसुकुची दिसायला सौम्य, पण मिठाला गडद कोइकुचीपेक्षा चढा. गहू चालत नसेल तर तामारी शोधा, पण गव्हाशिवायचा आहे ना ते घटकांत वाचून. ट्यूबमधल्या वासाबीवर फार पैसे घालू नका, त्यात बहुतेक हॉर्सरॅडिशच असतं. होजिचा, गेनमाइचा (भाजक्या तांदळासह हिरवा चहा) घ्या. वजन नाही, नासत नाही, आणि बेळगावच्या जुलैतल्या पावसात संध्याकाळी भाजक्या वासाचा होजिचा फार छान लागतो. गोठवलेला नात्तो (आंबवलेलं चिकट सोयाबीन) आणि गोठवलेले मासे मात्र दुसऱ्या शहरात राहणाऱ्यांनी विसरावेत.

बांधाबांध

घरून न्यायचं सामान थोडं: थंड राहणारी अस्तराची पिशवी, घट्ट झाकणाचा उंच स्टीलचा डबा, दोन टॉवेल, आणि जुनी वर्तमानपत्रं. बर्फाच्या पिशव्या दुकानात मागा. मिळाल्या नाहीत तर बाहेरून थंडगार पाण्याच्या बाटल्या घ्या. त्याच प्यायलाही होतात.

मिसोच्या पिशव्या डब्यात उभ्या लावायच्या. मधल्या फटींत वर्तमानपत्र कोंबायचं, म्हणजे कलंडत नाहीत. डब्याभोवती ओला नसलेला टॉवेल, त्याला टेकून थंड बाटल्या, आणि हे सगळं अस्तराच्या पिशवीत. व्हिनेगर-शोयूच्या बाटल्यांच्या झाकणावर चिकटपट्टीचे दोन वेढे, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग दुसऱ्या बॅगेत. नोरी सगळ्यांत वर, कपड्यांच्या घडीत. ज्याचं सामान त्याच्या नावाची चिठ्ठी दुकानातच लावून टाका, बिलाचा फोटो काढून गटात टाका. रात्री अकराला घरी पोचल्यावर हे होत नाही.

वंदे भारतमध्ये अस्तराची पिशवी पायाशी ठेवा, वरच्या कप्प्यात नको. गाडीची दारं आपोआप मिटतात, यशवंतपूर-तुमकूरला चहासाठी खाली उतरायच्या फंदात पडू नका. आणि शेजारचे विचारणारच. हुबळीच्या पुढे एकदा एका मावशींनी माझा डबा उघडा बघितला.

"हे काय रे बाळा, चिंचेचा कोळ होय?"

"नाही मावशी, सोयाबीनचं आहे. जपानचं."

"सोयाबीन? मग आमच्याकडं बैलहोंगलला ढीग पडलाय की. तिकडनं कशाला आणायचं?"

उत्तर द्यायला धारवाडपर्यंतचा वेळ पुरला नाही.

रात्री १०.४०ला बेळगावात उतरल्यावर खानापूर, निपाणी किंवा खेड्यांकडे बस मिळेलच असं धरू नका. नातेवाइकाकडे टेकायचं किंवा कुणाला तरी घ्यायला बोलवायचं, हे निघतानाच ठरवा. रात्र बेळगावात काढणार असाल तर मिसो त्यांच्या फ्रिजमध्ये, आणि फ्रिजवर चिठ्ठी, नाहीतर सकाळी विसरून निघाल.

घरी आल्यावर

मिसो फ्रिजमध्ये, उघडल्यावर वर बटर पेपर दाबून बसवायचा. दिवस जातील तसा रंग गडद होतो, त्यानं काही बिघडत नाही. वर पांढरा पातळ थर आला तर तेवढा खरवडून टाका. हिरवट, काळपट, गुलाबी दिसलं तर पिशवीच टाका. शोयू उघडला की तोही फ्रिजमध्ये. कोरडा कोंबू, शिताके, चहा घट्ट डब्यात, शेगडीपासून लांब.

नोरीला आपला पावसाळा सोसत नाही. पाकीट उघडलं की उरलेली पानं तांदळाच्या पुरचुंडीसह हवाबंद डब्यात ठेवा. तरीही मऊ पडलीच, तर गॅस मंद करून पान ज्योतीपासून वितभर वर धरून दोनदा झर्रकन फिरवा, रंग काळ्यावरून हिरवट झाला की लगेच काढा. एक पान आधी करून बघा. भाजलेलं पान लगेच वापरायचं, पुन्हा डब्यात नाही.